मुलांची प्रतिसृष्टी

त्रिशंकूसाठी विश्वामित्राने प्रतिसृष्टी निर्माण केली, ही कथा महाराष्ट्रातील बहुतेक घरांतून मुलांच्या कानांवरून गेलेली असते. देवांची सृष्टी पसंत नसेल तर आपण दुसरी करू, हा विश्वामित्राचा बाणा वडीलधाऱ्यांना थोडासा उद्धट वाटतो. मुलांना मात्र तो मनापासून आवडतो, कारण तो त्यांच्याच स्वभावातला आहे. दोन उशा आणि एक चादर मिळाली की त्यांचे घर तयार होते. पन्हाळीचे पाणी अंगणातून वाहू लागले की त्यांची नदी वाहू लागते. दिवाळी जवळ आली की माती, दगड आणि जुनी पोती यांतून किल्ला उभा राहतो. त्यावर हळीव पेरून रान उगवते, पायथ्याशी गाव वसते, विहीर खोदली जाते, पायवाटेवर पांढरी रांगोळी पडते आणि शिवछत्रपती सिंहासनावर विराजमान होतात. शेजारपाजारची मंडळी येऊन कौतुक करतात. पुढे तुळशीचे लग्न आटोपते, किल्ला मोडला जातो, चित्रे टोपलीत भरून माळ्यावर जातात आणि एक राज्य लयाला जाते.

या राज्याला इतके अल्पायुषी ठेवण्याचे वस्तुतः काही कारण नाही. मुलांच्या या हौसेला थोडा कागद, थोडा निवांत वेळ आणि चार नेमके प्रश्न यांची जोड मिळाली, तर किल्ल्याचा देश होतो. त्या देशाला नकाशा लागतो, इतिहास लागतो, कायदा, नाणे, भाषा आणि कोठार लागते. आणि या एकेका वस्तूच्या पाठीमागे शाळेतला एकेक विषय दडलेला असतो. फरक इतकाच की शाळेत तो विषय मुलाकडे चालून येतो, येथे मूलच त्या विषयाच्या शोधात निघते. स्वतःचा कल्पित देश रचणे हा शिक्षणाचा एक मार्ग कसा होऊ शकतो, त्यात लाभ कोणते आणि धोके कोणते, याचा येथे विचार करावयाचा आहे.

हा छंद वाटतो त्याहून पुष्कळच सामान्य आहे. मोठेपणी माणसे आपल्या बालपणीच्या देशांविषयी सहसा बोलत नाहीत, म्हणून तो दिसत नाही. तो दृष्टीस आणून देणारे गृहस्थ नभोवाणीशीच संबंधित होते, हा एक सुंदर योगायोग होय. रॉबर्ट सिल्वी हे १९३६ पासून ब्रिटिश नभोवाणीच्या श्रोतृसंशोधन खात्याचे प्रमुख होते. लोक काय ऐकतात आणि त्यांना काय रुचते, हे मोजण्यात त्यांचे आयुष्य गेले. लहानपणी त्यांनी स्वतः एक देश रचला होता. तेव्हा असे देश रचणारी आणखी कोणी माणसे असतील काय, याचा शोध घेण्याचे त्यांनी उतारवयात मनावर घेतले. ५७ माणसांनी आपल्या ६४ कल्पित जगांची माहिती दिली. हे काम स्टीफन मॅककीथ या मानसोपचारतज्ज्ञांनी पुढे चालविले आणि डेव्हिड कोहेन यांच्यासमवेत १९९१ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. अशा जगांना इंग्रजीत आता ‘पॅराकॉझम’ असे नाव रूढ झाले आहे. मराठीला ‘प्रतिसृष्टी’ हा शब्द आयताच लाभलेला आहे. अमेरिकेत ८ ते १२ वर्षे वयाच्या मुलांविषयी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १७ टक्के मुलांनी अशी एखादी प्रतिसृष्टी रचलेली आढळली. चाळीस मुलांच्या वर्गाला हे प्रमाण लावले, तर मागच्या बाकांवर सहा-सात राजे आणि राण्या गुपचूप बसलेल्या आहेत असे समजण्यास हरकत नाही.

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ब्राँटी भावंडांचे. इंग्लंडमधील यॉर्कशर प्रांतात हॉवर्थ नावाचे गाव आहे. तेथील धर्मोपदेशक पॅट्रिक ब्राँटी यांची पत्नी १८२१ मध्ये वारली, आणि १८२५ मध्ये दोन थोरल्या मुली पाठोपाठ गेल्या. मागे शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन अशी चार मुले राहिली. १८२६ च्या जून महिन्यात वडील लीड्स शहरास गेले आणि येताना ब्रॅनवेलसाठी बारा लाकडी शिपायांची पेटी घेऊन आले. चारही भावंडांनी त्यावर झडप घातली. शार्लटने आपल्या शिपायाचे नाव वेलिंग्टन ठेवले, ब्रॅनवेलने आपल्याचे बोनापार्ट. त्या काळी वॉटर्लूच्या लढाईस अवघी अकरा वर्षे झाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ही नावे कोठून आली ते कळते.

खेळण्यांतील शिपाई लवकरच देशोधडीला निघाले. ते जहाजात बसून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागले आणि तेथे त्यांनी ‘ग्लास टाउन’ नावाचे नगर वसविले. हा प्रदेश मुलांनी हवेतून आणलेला नव्हता. घरात ‘ब्लॅकवुड्स मॅगझीन’ हे मासिक येत असे, त्यात आफ्रिकेतील प्रवासांची वर्णने आणि नकाशे असत; शिवाय गोल्डस्मिथचे भूगोलाचे पाठ्यपुस्तक घरात होते. एमिली आणि ॲन यांनी आपल्या शिपायांना पुढे पॅरी आणि रॉस अशी नावे दिली. ही त्या वेळच्या उत्तर ध्रुवप्रदेशाच्या संशोधकांची नावे होत. ग्लास टाउनला मासिक हवे, म्हणून मुलांनी मासिक काढले. शिपायांना वाचता यावे अशा बेताने त्याचा आकार ठेवला: काड्यापेटीएवढी पाने आणि त्यांवर छापील अक्षरांसारखे मुंगीएवढे लेखन. कागद महाग, म्हणून साखरेच्या पुड्यांचा कागदही बांधणीस वापरला. त्यात कथा, कविता, ग्रंथपरीक्षणे आणि जाहिराती, सर्व काही आहे. चौदा वर्षांच्या शार्लटने १८३० मध्ये लिहिलेल्या अशा एका चिमुकल्या अंकाला २०१९ मध्ये पॅरिस येथील लिलावात सहा लक्ष युरोंची बोली लागली आणि तो हॉवर्थच्या ब्राँटी संग्रहालयाने परत घरी आणला.

पुढे शार्लट आणि ब्रॅनवेल यांनी १८३४ मध्ये ‘अँग्रिया’ नावाचे नवे राज्य स्थापिले. इंग्रजी ग्रंथांतून कान्होजी आंग्रे आणि त्यांच्या वंशजांचे आडनाव नेमके याच अक्षरांनी लिहिले जात असे, हे मराठी वाचकाला सहज जाणवेल. एमिली आणि ॲन यांनी थोरल्यांपासून फुटून ‘गोंडल’ नावाचे बेट प्रशांत महासागराच्या उत्तर भागात वसविले आणि दक्षिण भागात ‘गाल्डीन’ नावाचे दुसरे बेट शोधून काढले. ॲनने तर घरातील भूगोलाच्या पुस्तकातील स्थलनामांच्या यादीत खऱ्या देशांच्या मधोमध आपल्या देशांची नावे स्वहस्ते लिहून ठेवली. पाठ्यपुस्तक एखाद्या मुलाला किती आपलेसे वाटू शकते, याचा याहून चांगला पुरावा मिळणे कठीण.

या खेळाचे फळ जगाला ठाऊक आहे. १८४७ या एकाच वर्षी शार्लटची ‘जेन एअर’, एमिलीची ‘वदरिंग हाइट्स’ आणि ॲनची ‘ॲग्नेस ग्रे’ या कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. वीस वर्षांची लेखणीची तालीम ग्लास टाउन, अँग्रिया आणि गोंडल येथे होऊन गेली होती. परंतु या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शार्लटने १८३९ च्या सुमारास अँग्रियाचा निरोप घेणारा एक मजकूर लिहिला. त्या तप्त प्रदेशातून निघून काही काळ थंड आणि करड्या प्रदेशात राहण्याची इच्छा तिने त्यात प्रकट केली. तिने निरोप घेतला, म्हणून ती पुढे गेली. ब्रॅनवेलला तो घेता आला नाही. अँग्रियाचे नकाशे, लढाया आणि मंत्रिमंडळे रचणारा तो बुद्धिमान मुलगा खऱ्या जगात एकही काम तडीस नेऊ शकला नाही. व्यसनांनी खंगून १८४८ मध्ये एकतिसाव्या वर्षी तो वारला. एमिली सत्ताविसाव्या वर्षीही आगगाडीच्या प्रवासात गोंडलचा खेळ खेळत होती, आणि तिची प्रतिभा तशीच तेजस्वी राहिली. तेव्हा प्रतिसृष्टीत किती वर्षे राहिले यावर सर्व अवलंबून नसते. तेथून परत येण्याची वाट उघडी राहिली की नाही, यावर असते.

दुसरे उदाहरण भारतीयांना विशेष गमतीचे वाटेल. सी. एस. लुईस हे पुढे ‘नार्निया’च्या कथांनी विख्यात झालेले लेखक १८९८ मध्ये आयर्लंडमधील बेलफास्ट येथे जन्मले. वॉरन हा त्यांचा भाऊ तीन वर्षांनी मोठा. धाकट्याचा देश होता ‘ॲनिमल-लँड’. त्यात अंगरखे घातलेले उंदीर आणि चिलखत चढविलेले ससे पराक्रम गाजवीत. थोरल्याचा देश होता चक्क ‘इंडिया’! त्याला आगगाड्या आणि आगबोटी यांचे वेड, म्हणून त्याच्या इंडियात त्यांचीच रेलचेल. दोघांना एकत्र खेळावयाचे तर दोन्ही देश शेजारी हवेत. त्यासाठी हिंदुस्थानला आशिया खंडापासून तोडून त्याचे बेट करण्यात आले. हिमालयाच्या पाठीमागून त्याचा उत्तर किनारा गेला. आणि दोन देशांमध्ये वॉरनने तत्काळ आगबोटींची ये-जा सुरू केली. या जोडराज्याचे नाव ‘बॉक्सन’. त्याला ॲनिमल-लँडचा एक राजा आणि इंडियाचा एक राजा असे दोन राजे असून, ‘लॉर्ड बिग’ नावाचा एक भारदस्त बेडूक त्या दोघांना धाकात ठेवीत असे.

यात एक अडचण उत्पन्न झाली आणि तीच या खेळाची खरी गुरू ठरली. धाकट्याची कथा चिलखतांच्या काळातील. थोरल्याच्या देशात रूळ टाकलेले. मग एकाच देशात दोन्ही कसे खरे? लुईस यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे की, या पेचातून सुटण्यासाठी जुना ॲनिमल-लँड हा नव्याचाच भूतकाळ मानावा लागला, आणि मधली शतके भरून काढण्यासाठी त्यांना इतिहासलेखन सुरू करावे लागले. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ‘इतिहास म्हणजे कार्यकारणांची साखळी’ हे वाक्य घोकून जे कळले नसते, ते स्वतःचे दोन खोटे एकमेकांशी जुळविताना कळले. आगगाडी येण्यापूर्वी लोखंड लागते, लोखंडापूर्वी खाण लागते, खाणीपूर्वी ती खोदविणारा कोणी धनवान लागतो. राजे बदलतात ते केव्हा आणि का, हे सर्व प्रश्न त्या एका विसंगतीतून निघतात.

नकाशाचे महत्त्व रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याच्या अनुभवावरून पटते. याचा हात मुळातच या खेळात मुरलेला होता. लहानपणी सकाळच्या लापशीवर चुलतभाऊ साखर घाली आणि तो देश बर्फाखाली गडप होत असल्याचे सांगे. स्टीव्हन्सन दूध घाली आणि आपला देश हळूहळू पुरात बुडत असल्याची वार्ता देई! १८८१ मध्ये स्कॉटलंडमधील ब्रेमार येथे पावसाने घरात कोंडून घातले असता, त्याने आपला सावत्र मुलगा लॉइड याच्या सोबतीने रंगपेटी काढून एका बेटाचा नकाशा रंगविला. नकाशा पाहता पाहता त्यातील झाडीतून माणसे डोकावू लागली आणि ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी जन्मास आली. पुढे छापखान्याकडे पाठविलेला मूळ नकाशा हरवला. तेव्हा पुस्तकातील एकेक उल्लेख तपासून, त्याला जुळेल असा नवा नकाशा काढण्याची पाळी लेखकावर आली, आणि आधीच्या कामापेक्षा हे काम त्याला फार जड गेले. त्याने यातून काढलेला बोध असा की, कल्पित देश असला तरी त्यातील अंतरे, दिशा, सूर्य कोठे उगवतो आणि चंद्र केव्हा दिसतो, हे लेखकाला हातच्या मळाप्रमाणे ठाऊक पाहिजे.

ही उदाहरणे पुढे ठेवून आता घरी किंवा वर्गात हे काम कसे चालावे ते पाहू जाता, पहिले पाऊल नकाशाचेच असावे असे दिसते. मूल प्रथम एक वेडीवाकडी किनाररेषा काढते, मध्ये डोंगर काढते आणि मनास येईल तेथून नदी नेते. येथे चूक दाखवू नये, प्रश्न विचारावा. नदीचे पाणी या बाजूला का गेले? कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते. तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. तरीही ती त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारे १,४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागरास मिळते, कारण पाणी अंतर पाहत नाही, उतार पाहते. वारा कोणत्या बाजूने येतो? महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो आणि घाट उतरून वाईस यावे तो त्याचे मान हजाराच्या आत येते. मुलाने आपल्या देशात डोंगर उभा केला की त्याच्या एका अंगास भात पिकेल आणि दुसऱ्या अंगास ज्वारी-बाजरी, हे त्याला आता आपोआप ठरवावे लागते. पर्जन्यछाया हा शब्द पाठ करून विसरता येतो. स्वतःची राजधानी चुकून पर्जन्यछायेत बांधून बसलेला राजा तो शब्द जन्मात विसरत नाही.

दुसरे पाऊल कोठाराचे. मुलांना राजवाडा आणि सैन्य आधी हवे असते. त्यांना खाऊ घालणार कोण, हा हिशोब मागाहून येतो. हजार माणसांची वस्ती आहे आणि प्रत्येकास दिवसाला अर्धा किलो धान्य लागते असे धरले, तर वर्षास १,८२,५०० किलो, म्हणजे १,८२५ क्विंटल धान्य झाले. एकरी चार क्विंटल पीक धरल्यास सुमारे ४५६ एकर जमीन केवळ पोटासाठी पाहिजे. बी-बियाणे, उंदीर-घुशी आणि दुष्काळाची शिल्लक ही वेगळीच. राजाला शंभर शिपाई ठेवावयाचे असल्यास त्यांच्या भाकरीसाठी ४५ एकरांहून अधिक जमीन दुसऱ्या कोणी तरी कसली पाहिजे. ही त्रैराशिके पुस्तकात असती तर मुलाने कंटाळून सोडविली असती. येथे उत्तर चुकले तर आपलीच प्रजा उपाशी मरते, म्हणून ते दोनदा तपासून पाहिले जाते. नाण्याचेही तसेच. खजिना रिता झाला की बहुतेक बालराजे प्रथम भराभर नोटा छापतात. मग खेळातील दुसऱ्या भावंडाने भाकरीचा भाव दुप्पट केला, की पैसा आणि धान्य या दोन भिन्न वस्तू आहेत, हे अर्थशास्त्रातील मोठे सत्य दुपारच्या एका बैठकीत उमगते.

भाषेचा विषय मुलांना फार प्रिय असतो. जे. आर. आर. टोल्किन यांच्या दोन मामे-मावसबहिणींनी बालपणी प्राण्यांच्या नावांची एक सांकेतिक बोली केली होती. पुढे टोल्किनही सामील होऊन ‘नेव्हबॉश’ नावाची दुसरी बोली झाली. आणि या छंदातून पुढे त्यांनी आपल्या कथासृष्टीसाठी संपूर्ण भाषा रचल्या. मुलाने पन्नास शब्द केले की त्याला अनेकवचनाचा नियम करावा लागतो. नियम केला की अपवाद सुचतात. आणि मग मराठीचे व्याकरण हे कोणा रागीट मनुष्याने केलेला जुलूम नसून बोलण्याच्या सोयीने झालेली व्यवस्था आहे, असे त्याच्या ध्यानात येते.

परंतु या सर्वांत कसोटीचा भाग कायद्याचा होय. पहिला कायदा बहुधा ‘या देशात शाळा नाही’ असा असतो, आणि त्यास हसून मान्यता द्यावी. पुढच्याच आठवड्यात त्या देशाला आगबोट बांधणारा मनुष्य लागतो. तो कोठून यावयाचा? ‘कोणी खोटे बोलू नये’ असा कायदा झाला की खोटे कोण बोलले हे ठरविणारा लागतो, आणि तो ठरविणाराच खोटा निघाला तर काय, हा प्रश्न लागलीच उभा राहतो. भारताच्या संविधानसभेने ९ डिसेंबर १९४६ रोजी कामास आरंभ केला आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकृत झाले; मूळ संविधानात ३९५ अनुच्छेद होते. इतका काळ आणि इतकी कलमे कशाला लागली, हे स्वतःचा दहा कलमांचा कायदा चार भावंडांच्या संमतीने करून पाहणाऱ्या मुलाला चांगले समजते.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. मुलांची प्रतिसृष्टी ही मोठ्यांच्या सृष्टीचा आरसा असते. ब्राँटी भावंडांनी ग्लास टाउन वसविले ते अशांती लोकांच्या भूमीवर. ही भूमी कोणाची, हा प्रश्न त्यांच्या मनात आला नाही, कारण त्यांच्या घरी येणाऱ्या मासिकातही तो विचारलेला नव्हता. तथापि कथा लिहिता लिहिता क्वाशिया नावाचा एक अशांती राजपुत्र तीत शिरला आणि नव्या राज्यकर्त्यांविरुद्ध बंड करीत राहिला. मुलांनी त्याला खलपुरुष केले तरी त्याला कथेबाहेर घालविणे त्यांना जमले नाही. वॉरन लुईसच्या इंडियात गाड्या आणि बोटी पुष्कळ. हिंदी माणसांच्या सुखदुःखाला फारशी जागा नाही. आजही एखाद्या सुखवस्तू घरातील मुलाच्या देशात रस्ते कोण झाडतो, मैला कोण वाहतो, धुणी कोण धुते, यांची नोंद सहसा नसते. वडीलधाऱ्यांनी उपदेश करण्याचे कारण नाही. ‘राजवाड्याच्या मागे कोण राहते?’ एवढा एकच प्रश्न पुरेसा आहे. मूल थांबते, पेन्सिल चावते आणि नकाशावर एक नवी वस्ती काढते. ती वस्ती वाऱ्याच्या कोणत्या बाजूस आहे आणि तिला विहीर आहे की नाही, हे मात्र जरूर पाहावे. कल्पित देशातील हजार माणसांत आपण नेमके कोण म्हणून जन्मास येऊ हे राजाला ठाऊक नाही असे समजून कायदे करावयास सांगितले, तर दहा वर्षांचे मूलही विलक्षण न्यायी होते.

या उपक्रमावर दोन आक्षेप घेण्यात येतात. पहिला असा की यात वेळ जातो आणि परीक्षेत याला गुण नाहीत. गुण नाहीत हे खरे. परंतु नकाशा, हिशोब, लेखन आणि चर्चा ही सर्व परीक्षेच्याच विषयांची अंगे आहेत. आठवड्यातून एक दुपार त्यांना दिली तर वर्षअखेर नुकसान होण्याचे भय फारसे नाही. अमेरिकेतील विल्यम किल्पॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्पपद्धतीवर निबंध लिहिला, त्याचे सार मनापासून स्वीकारलेल्या हेतूने केलेले काम हेच शिक्षण, असे आहे. भावनगरला १९२० मध्ये सुरू झालेल्या बालमंदिरात गिजुभाई बधेका यांनी आणि पुढे त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी बालकाच्या स्वयंप्रेरणेवर हाच विश्वास ठेवला होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मूल स्वप्नाळू होईल, खऱ्या जगापासून तुटेल. ब्रॅनवेलचे उदाहरण वर आलेच आहे. कवी कोलरिज याचा मुलगा हार्टली यानेही लहानपणी ‘इजक्शुरिया’ नावाचा देश रचला होता आणि तेथील बातम्या तो घरच्यांना सांगत असे. पुढे तो ऑक्सफर्डला विद्वत्पद मिळवून मद्यपानाच्या ठपक्याने ते गमावून बसला आणि आयुष्यभर अस्थिर राहिला. तथापि या दुर्दैवांचे खापर कल्पित देशांवर फोडणे न्याय्य नाही. शार्लट, लुईस आणि सिल्वी यांची बालपणे तशाच देशांत गेली आणि ती माणसे आपापल्या कामात कृतार्थ झाली. फरक पाहावयाचा तो असा: देश मुलाला बाहेर पाठवितो की आत कोंडतो? नकाशासाठी ॲटलास उघडला जात असेल, आगबोटीसाठी बंदर पाहण्याचा हट्ट होत असेल, कायद्यासाठी मित्रांशी भांडण आणि समेट होत असेल, तर काळजीचे कारण नाही. देशाचे दार लावून मूल जेवणाखाण्यास, सोबत्यांस आणि उजेडास पारखे होऊ लागले, तर मात्र त्याच्यावर न रागावता, त्याला खऱ्या जगात कशाचे दुःख आहे, याची चौकशी करावी. ज्या घरात आई नाही, किंवा बापाची नोकरी गेली आहे, किंवा गाव सोडून नव्या शहरी यावे लागले आहे, त्या घरातील मुलाच्या हाती काहीच नसते. कागदावरच्या देशात तरी त्याचा शब्द चालतो. तो कागद फाडणे ही फार मोठी क्रूरता ठरेल.

मोठ्यांनी पाळावयाचे पथ्य थोडकेच आहे. देश मुलाचा आहे हे विसरू नये. त्यात बोलाविल्यावाचून शिरू नये. नकाशा सुबक करून देण्यासाठी पेन्सिल हातात घेऊ नये. पाहुण्यांपुढे त्याचे प्रदर्शन मांडू नये, आणि मुलाने दाखविलेच तर हसू नये. प्रश्न विचारावे, पण परीक्षकासारखे नव्हे. परदेशचा प्रवासी जसे विचारतो तसे: येथे उतरावयास जागा आहे काय, पाणी कोठे मिळते, माझ्या रुपयाला तुमची किती नाणी येतात? साहित्य म्हणून एक जाड वही, चौकटीचे काही कागद, एक ॲटलास आणि एक शब्दकोश पुरे. भावंडे दोन असतील तर देश दोन होऊ द्यावे. त्यांच्यातील तह, जकात आणि सीमेचे तंटे हेच निम्मे शिक्षण आहे. आणि वही भरली की ती रद्दीत न घालता तारीख घालून ठेवावी.

विश्वामित्राची प्रतिसृष्टी अखेर अर्ध्यावर थांबली. देवांनी त्याला विनविले आणि त्रिशंकू दक्षिणेच्या आकाशात उलटा लटकत राहिला. मुलांच्या प्रतिसृष्टीही बहुधा अर्ध्यावरच थांबतात. चौदाव्या-पंधराव्या वर्षी वही मिटते आणि राजा आपल्या शाळेच्या परीक्षेस बसतो. त्याबद्दल खेद मानण्याचे कारण नाही. आपल्या देशात नदी कोठून न्यावी, धान्य कोणाला पुरवावे आणि राजवाड्याच्या मागे कोण राहते, हे ज्याने एकदा स्वतः ठरवून पाहिले आहे, त्याला मोठेपणी खऱ्या देशाकडे पाहताना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: हे सर्व कोणीतरी ठरविलेले आहे, आणि म्हणून ते विचारपूर्वक बदलताही येते. नागरिक होण्यास याहून चांगली पूर्वतयारी दुसरी कोणती असू शकेल?